पुन्हा सीटी कशाला?

"एमआरआय झाला, सीटी झाली. आता परत सीटी? म्हणजे पसरलंय, आणि तुम्ही लपवताय." गुदाशयाच्या कॅन्सरचे रुग्ण नाहीतर त्यांच्या घरचे हे मला इतक्यांदा ऐकवतात, की अप्पांची गोष्ट सांगूनच टाकते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अप्पा निवृत्त भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारे. रेडिएशनआधीच्या सीटीला त्यांनी साफ नकार दिलेला, सूनबाई रडकुंडीला आलेल्या. "काही होत नाही हो" असा दिलासा मी देत नाही. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मानणाऱ्या समुपदेशकांतली मी. म्हणून तिसऱ्या भेटीत विचारलं, "अप्पा, मोजणीचा अर्ज आला की गटाचं क्षेत्र वाढलं असं धरायचात का?"

"छे! हद्द कायम करून हवी असते लोकांना." मग थांबून, "म्हणजे ही हद्द कायम मोजणी आहे होय?"

होय. आजार कुठवर आहे, हे आधीच्या एमआरआय-सीटीवर पाहून झालेलं असतं. ही रेडिएशनच्या नियोजनाची सीटी आजार शोधायला नसतेच. उपचाराच्या वेळी रोज जसं झोपवणार तसंच झोपवून ती काढतात, कातडीवर खुणा करतात. किरण शरीरात कुठे किती शोषले जातील, याचं गणित सीटीवरून मांडता येतं. मग एमआरआयची चित्रं तिच्या चित्रांवर जुळवून डॉक्टर एकेका कापावर, म्हणजे शरीराच्या आडव्या छेदाच्या चित्रावर, गाठीची हद्द आखतात आणि मूत्राशय, लहान आतडं यांच्याही रेघा ओढतात, कारण तिथला मारा कमीत कमी ठेवायचा असतो. याला काही दिवस लागतात. "स्कॅन होऊन चार दिवस झाले तरी बोलावणं नाही, नक्की काहीतरी निघालं" ही पुढची शंका इथूनच येते, आणि तीही बहुतेक वेळा निराधार असते.

मी खूश होते. उपमा चपखल बसली होती. तरी दुसऱ्या दिवशी अप्पा सीटीला गेले नाहीत.

चौथ्या भेटीत मी सूनबाईंना बाहेर बसवलं आणि गप्प राहिले. बऱ्याच वेळाने, खाली बघत, "पाणी पिऊन लघवी धरायला सांगितलीय. ती तंत्रज्ञ माझ्या नातीएवढी. टेबलावर सुटली तर?"

पसरण्याची भीती खोटी नव्हती, पण ती चारचौघांत सांगता येण्यासारखी होती. ही नव्हती. तीन भेटी मी त्यांनी सांगितलेल्या भीतीशीच बोलत बसले होते. आता या आजारात मी लघवी-शौचाचा विषय पहिल्याच भेटीत, एकट्यात काढते. तुम्हीही घरच्या माणसाला तसंच विचारा.

"सुटली तर काय होईल, अप्पा?"

"लाज वाटेल."

"आणि मग?"

"मग... पुसतील. पुन्हा पाणी पाजतील."

भरलेलं मूत्राशय लहान आतड्याला किरणांच्या वाटेतून वर सारतं, म्हणून तो खटाटोप, हे मी तेव्हा सांगितलं. आधी सांगून उपयोग नव्हता.

पुढे पंचवीस दिवस उपचार चालले. दोनदा धरवलं नाही. दोन्ही वेळा अप्पांनी हात वर केला, टेबलावरून उतरले, जाऊन आले आणि पुन्हा पाण्याची बाटली घेऊन बाकावर बसले.