मोठ्या अंगाची गाय जास्त वेतं टिकते का? आधी कास बघा

वळू निवडताना त्याच्या मुली उंच, रुंद छातीच्या, दणकट असतील तर त्या जास्त वर्षं टिकतील ना, असं विचारलंय तुम्ही. तर नाही, बहुतेक अभ्यासांत होल्स्टिनमध्ये (काळ्या-पांढऱ्या दुधाळ विदेशी जातीत) उंची आणि आयुष्य यांचा जेनेटिक संबंध शून्याजवळ किंवा उलटाच निघतो. मिनेसोटा विद्यापीठाने १९६६ पासून मोठ्या अंगाची आणि लहान अंगाची अशा होल्स्टिनच्या दोन लाइन वेगळ्या वाढवल्या, त्यात लहान अंगाच्या गायी कळपात जास्त काळ टिकल्या.

आता अंगाकडे बघायचंच कशाला, तर टिकाऊपणाची आनुवंशिकता (म्हणजे गायी-गायींमधल्या फरकातला रक्तातून आलेला वाटा) खूप कमी आहे, साधारण ५ ते १० टक्के, आणि गाय कळपातून गेल्याशिवाय तिचं खरं आयुष्य कळतच नाही. शरीराचे गुण मात्र पहिल्या वेतातच मोजता येतात आणि ते जास्त आनुवंशिक असतात, उंची तर ४० टक्क्यांच्या आसपास.

टिकण्याशी सगळ्यात जास्त संबंध कासेचा, हे मी कितीही वेळा सांगेन. कास घोट्याच्या वर राहणारी आणि पुढून पोटाला घट्ट चिकटलेली हवी, कारण कास दर वेताला थोडी खाली येतेच, मग पहिल्याच वेतात लोंबत असेल तर तिसऱ्या वेतात सडांना मार लागणार, चिखल-शेण लागणार, मस्टायटिस (कासदाह) होणार, मशीन नीट बसणार नाही आणि दूध चांगलं असूनही गाय काढावी लागणार. पायांचा संबंध त्याहून कमी आहे, पण दुर्लक्ष करू नका.

मागच्या पायाच्या बाकाबद्दल एक सांगतो. आयुष्याशी त्याच्या संबंधाचा आकडा शून्याजवळ दिसतो म्हणून तो गुण बिनकामाचा असं समजतात लोक, पण पाय फार सरळ असले तरी वाईट आणि कोयत्यासारखे वाकडे असले तरी वाईट, मधलेच चांगले, आणि साधा सहसंबंध (एक वाढलं की दुसरं वाढतं का, एवढंच बघणारा आकडा) हे पकडूच शकत नाही. सडांच्या लांबीचंही तसंच.

हाडं दिसणारी, अँग्युलर गाय बऱ्याच जणांना आवडते. ती दूध देते म्हणून मालक तिला ठेवतो, त्यामुळे नुसतं आयुष्य बघितलं तर ती ठीक वाटते, पण दुधाचा परिणाम बाजूला काढून फंक्शनल आयुष्य बघितलं की ती मागे पडते. अंगावरची चरबी दुधात जाते, मग उलटणं (भरवूनही पुन्हा माजावर येणं) वाढतं, गाभण राहत नाही.

आणि हे सगळे संबंध हजारो गायींच्या सरासरीचे आहेत, तुमच्या एका गायीची खात्री त्यातून मिळत नाही. तरुण वळूच्या मुली किती टिकतील याच्या आकड्यात बऱ्याच देशांत कासेची-पायांची माहिती आधीच मिसळलेली असते, त्यामुळे तो आकडा आणि कासेचा आकडा दोन्ही बघून वळूला दोनदा मार्क देऊ नका.