हॉल नंतर, आधी किती जणांकडं बघता येतंय ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. योगशिक्षकाचा 200 तासांचा कोर्स झालाय, क्लास काढायचाय, राजारामपुरीत 500 स्क्वेअर फुटांचा हॉल बघितलाय, भाडं महिन्याला 18 हजार, डिपॉझिट वेगळं, आणि आता विचारताय की आरसे-एसी लावू का, बॅचला किती माणसं घेऊ, फी किती ठेवू. मी 2010 पासून कोल्हापुरात योगाचा क्लास घेते, आधी गच्चीवर, मग भाड्याच्या हॉलमध्ये, त्यामुळं जे भोगलंय तेच सांगते. टोकन दिलं नसेल तर आत्ता देऊ नका.

हिशोब मांडून बघा. 3 बॅच, प्रत्येकी 12 जण, महिन्याची फी हजार, म्हणजे कागदावर 36 हजार. पण नावं 12 असली तरी फी भरून टिकणारी 8च धरायची. जानेवारीत फोन येतात, 21 जूनच्या योग दिनाला येतात, आणि जुलैच्या पावसात सकाळी साडेपाचला रेनकोट घालून किती जण येतात ते बघा, मग गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, मे महिन्यात सगळे गावाला. म्हणजे 24 हजार आले, 18 भाड्यात गेले, लाईटबिल आणि झाडलोट काढली की हातात चार-साडेचार हजार. मग माणूस काय करतो तर एका बॅचमध्ये 20-22 जण कोंबतो. मीही तेच केलं होतं.

त्या बॅचमध्ये मंगळवार पेठेतले एक जुने पैलवान यायचे, पंचावन्नच्या पुढचे, कान चिरमटलेले, तालमीत जोर-बैठका मारून कमावलेलं अंग. मी सगळ्यांना वज्रासनात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर, बसवलं आणि स्वतः पुढं मॅटवर डोळे मिटून बसले, पाच मिनिटं. ते शेवटच्या ओळीत. गुडघ्यात कळ येत होती पण तालमीतला माणूस दुखतंय म्हणत नाही हो. उठताना भिंत धरून उठले तेव्हा माझं लक्ष गेलं. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तीन आठवडे जिना उतरता येईना. मी घरी जाऊन माफी मागितली, ते एवढंच म्हणाले, "मॅडम, नुसतं बघितलं असतंसा तरी कळलं असतं की." ते वाक्य अजून डोक्यातनं जात नाही.

त्या दिवसापासून शिकवताना मी स्वतः आसन करत नाही. एकदा करून दाखवायचं, मग उठून फिरायचं. कोर्समध्ये आसनं शिकवतात, माणूस वाचायला फारसं कुणी शिकवत नाही, आणि क्लास चालतो तो त्याच्यावरच. तोंड बघा, श्वास रोखला की जबडा आवळतो, भुवया जवळ येतात. पाय बघा, तोल जायला लागला की बोटं वाकडी होऊन मॅट धरतात. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढं वाकताना, पाठ कमरेतनं वाकतीय की नुसते खांदे पुढं ओढलेत ते बाजूनं बघितल्याशिवाय कळत नाही, पुढं बसून तर अजिबातच नाही.

ते पैलवान चार महिन्यांनी परत आले. साधं सुखासन, म्हणजे मांडी, घातलं तरी गुडघे कमरेच्या वर, पाठीला पोक, कारण मांड्यांचे स्नायू आणि खुबे इतके आखडलेले की ओटीपोट मागं कलंडायचं. दोन सोलापुरी चादरी घट्ट घडी घालून बुडाखाली दिल्या. कंबर चार बोटं वर आली तसे गुडघे खाली गेले, पाठ आपोआप सरळ झाली, आणि मी एक शब्द न बोलता त्यांचा श्वास पोटापर्यंत जायला लागला, बनियनवर हलताना दिसत होता. पुण्यात योगगुरू बी.के.एस. अय्यंगार गुरुजींनी पट्टे, ठोकळे, खुर्च्या, दोर वापरून हेच तर केलं, आसन माणसाच्या जवळ आणलं. आपल्याला महागडं सामान लागत नाही, 20 चादरी, जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, 6 घडीच्या खुर्च्या, बास.

तर बॅच किती जणांची, याचं उत्तर तुम्ही एका फेरीत किती तोंडं बघू शकता तेवढ्यांची. मला एकटीला 10 नीट जमतात, ताणून 12. मॅट साधारण 6 बाय 2 फुटांची, हात पसरायला जागा धरून माणशी 30-35 स्क्वेअर फूट, म्हणजे 400 चा हॉल पुरतो. तोही पूर्ण दिवसाचा कशाला? डान्स क्लासवाल्यांचे हॉल सकाळी रिकामे असतात, सोसायट्यांचे असतात. मी 5 हजारात फक्त सकाळचे चार तास घेतलाय. 8-8 च्या दोन बॅच, 16 हजार, त्यात भाडं गेलं तरी 11 राहतात आणि सगळ्यांची नावं, सगळ्यांचे गुडघे मला पाठ असतात. वर्षभर असं चालवा, मग स्वतःचा हॉल.

आरसे नकोत, माणसं मान वळवून स्वतःला बघत बसतात. एसी तर कोल्हापूरच्या सकाळी कशाला लागतोय. हॉल तळघरात घेऊ नका, आणि शाहूपुरी, नागाळा पार्ककडं बघत असाल तर 2019 ला आणि 2021 ला पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते मालकाला नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारा. पावसाळ्यात मॅटना बुरशी येते, गुंडाळून कोपऱ्यात ठेवू नका, दोरीवर टाका.

पहिल्या दिवशी फॉर्म भरून घ्याच. बीपी, काचबिंदू, हर्निया, मणक्याचा त्रास, ऑपरेशन, गरोदरपण. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं बंद, सर्वांगासन-शीर्षासन नाहीच. बीपी असेल तर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नाही. हर्नियावाल्याला कपालभाती, म्हणजे पोटाला झटके देत श्वास सोडणं, नाही. टीव्हीवर बघून लोक घरी जोरजोरात करत असतात, ते लिहीत नाहीत, तोंडी विचारावं लागतं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 ला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि आसन-प्राणायामानं शरीरात काय होतं ते यंत्रं लावून तपासलं, आपल्याकडं यंत्रं नाहीत पण विचारायला तोंड आहे ना. आणि एक खास आपल्याकडचं, गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन थेट कपालभातीला येणारे येतातच, त्यांना प्रेमानं सांगा की दूध क्लास सुटल्यावर.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टला, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखाली, ऑनलाइन सूचना दिली की झालं, लहान धंद्याची उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. वर्षाला 20 लाखांच्या आत आहात तोवर जीएसटीची काळजी नाही. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा सक्तीची नाही, पण द्या, शाळा-कंपन्या विचारतात.

फी हजाराच्या खाली नको, आणि फुकटचा महिना तर अजिबात नको, तीन दिवस येऊन बघू द्या. वर्षाचं पॅकेज घेऊ नका, तीन महिन्यांचं घ्या. वर्षाचे पैसे हातात आले की माणूस येवो न येवो, आपलं लक्ष उडतं, हे मी माझ्यातच बघितलंय.

आणि हॉल ठरवायच्या आधी एक आठवडा माझ्या सकाळच्या बॅचला या, मागं भिंतीला टेकून उभं राहा आणि कोण कुठं श्वास रोखतंय ते वहीत लिहा, मग आपण बोलू. पावणेसहाला सुरू होतं. मॅट आणू नका.