वाचकांचे प्रश्न : ड्रेस्डेनचा नाताळ, रस्त्यावरचा आणि घरातला

प्रश्न : माझी मुलगी ऑक्टोबरपासून जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात शिकते आहे. नाताळच्या सुट्टीत ती तेथेच वसतिगृहात राहणार आहे. आपण त्या शहरात काही वर्षे राहिला होता, असे या सदरात पूर्वी वाचले होते. तेथील नाताळच्या आपल्या आठवणी सांगाल का? आणि खरे विचारायचे आहे ते हे की, त्या दिवसांत तिला फार एकटे वाटेल का?
— एक आई, नाशिक

उत्तर : दोन-अडीच दिवस वाटेल, आणि ते कोणते हे आधी ठाऊक असले तर त्यांची तजवीज करता येते. ड्रेस्डेनचा नाताळ दोन अगदी वेगळ्या तुकड्यांत येतो. पहिले जवळजवळ चार आठवडे तो रस्त्यावर असतो आणि कालच विमानातून उतरलेल्या परक्यालाही सामावून घेतो. २४ डिसेंबरच्या दुपारी तो घरात शिरतो आणि दार लावून घेतो.

मला तेथे सर्वांत जड जायचा तो नोव्हेंबर. दिवस झपाट्याने आखडत जातो. डिसेंबरात तर सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवून दुपारी चारलाच मावळतो. पण नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी, म्हणजे ॲडव्हेंटच्या रविवारांपैकी, पहिला रविवार जवळ आला की आठवडाभरात खिडक्या उजळू लागतात. शहराच्या दक्षिणेला, चेक सीमेलगत, एर्झगेबिर्ग नावाचा खाणींचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील खाणकामगार हिवाळ्यात उजाडण्यापूर्वी खाणीत उतरत आणि अंधार पडल्यावर बाहेर येत, त्यामुळे आठवडाच्या आठवडा त्यांना ऊन दिसत नसे. खिडकीत दिव्यांची लाकडी कमान ठेवण्याची चाल त्यांचीच. कथील संपत आल्यावर झायफेनसारख्या गावांनी लाकूड कातण्याचा धंदा धरला. तोंडातून धूर सोडणारे जे लाकडी बाहुले आज घरोघर दिसतात, ते या गावांतूनच आलेले. माझ्या ट्रामच्या वाटेवर एक जुनी चारमजली इमारत होती, तिच्या एकूण एक खिडकीत ही कमान असे. कामावरून परतताना मी मुद्दाम खिडकीकडेची जागा धरून बसत असे.

ऑल्टमार्क्ट चौकातील श्ट्रित्सेलमार्क्ट हा नाताळबाजार १४३४ सालापासूनचा आहे. गर्दी फार असते, वस्तू महाग असतात, आणि शनिवारी संध्याकाळी तर तेथे जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी जावे. गरम मसालेदार वाइन मिळते तशी फळांच्या रसाची बिनमद्याची पेयेही मिळतात. चिनीमातीच्या कपाची अनामत घेतात आणि कप परत केला की ती परत देतात. बरेच लोक कप घरीच नेतात. दर वर्षी त्यावरचे चित्र वेगळे असते.

खरी गोष्ट आहे ती श्टोलनची. सुक्या मेव्याने गच्च भरलेली आणि वरून पिठीसाखरेत घोळवलेली ही लांबट पावासारखी मिठाई कापडात गुंडाळलेल्या बाळ येशूच्या आकाराची मानतात. पूर्वी ॲडव्हेंट हा उपवासाचा काळ असल्याने लोणी निषिद्ध होते, म्हणून ती तेलात करीत आणि ती बेचव लागे. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी विनवण्या केल्यावर १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरण्याची परवानगी दिली. माझ्या घरमालकीणबाई मात्र पोपपेक्षा पूर्व जर्मनीच्या दिवसांबद्दल अधिक बोलत. त्या काळी बेदाणे, बदाम आणि पाकवलेली लिंबाची साल मिळण्याची मारामार होती. पश्चिमेकडचे नातेवाईक ते जिन्नस पार्सलने पाठवीत, आणि त्याचीच मिठाई करून हे लोक एक-दोन श्टोलन त्यांना उलट पाठवीत. पीठ घरी मळून भाजायला गल्लीतल्या बेकरीत न्यायचे, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकावर नावाची पट्टी खोवायची. बाईंकडे त्या पत्र्याच्या पट्ट्या अजून होत्या, काळवंडलेल्या, एका टोकाला वाकलेल्या. मिठाई झाली तरी काही आठवडे मुरू द्यायची आणि ॲडव्हेंटपूर्वी कापायची नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी माझ्यासाठीही मोडला नाही.

२३ तारखेच्या संध्याकाळी आपल्या मुलीने नॉयमार्क्ट चौकात अवश्य जावे. तेथील फ्राउएनकिर्श हे चर्च फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळले आणि पुढे अनेक दशके दगडांचा ढीग म्हणूनच उभे होते. १९९३ मध्ये लोक त्या ढिगासमोर नाताळच्या प्रार्थनेसाठी जमले, आणि २००५ मध्ये चर्च पुन्हा उभे राहिल्यानंतरही ही सभा उघड्या चौकातच भरते. मी ख्रिस्ती नाही आणि भाषणातले मला निम्मेच समजत असे. तरी हजारो माणसे थंडीत गप्प उभी असताना पितळी वाद्यांचे सूर त्या भिंतींवरून परत येतात, ते ऐकायला मी दर वर्षी जात असे.

आता ते अडीच दिवस. २४ तारखेला दुपारी दोनला दुकाने बंद होतात. २५ आणि २६ या दोन्ही सार्वजनिक सुट्या, आणि २७ ला रविवार आला तर आणखी एक दिवस. तेव्हा दूध, भाज्या, पाव २३ तारखेलाच भरून ठेवावे. अडीनडीला मुख्य रेल्वे स्थानकातली काही दुकाने उघडी असतात, आणि आळीपाळीने उघडी राहणाऱ्या औषधांच्या दुकानांपैकी एखादे तरी चालू असतेच. अवघड जाते ती शांतता. वसतिगृहातील जर्मन मुले आपापल्या गावी गेलेली असतात, ट्राम रिकाम्या धावतात, आणि महिनाभर वाजतगाजत असलेले शहर लक्ष्मीपूजनाच्या वेळी घराघरांत ओढले जावे तसे ओढले जाते. हे तुटकपणामुळे होत नाही. ती संध्याकाळ तेथे फक्त घरच्यांची असते, एवढेच.

म्हणूनच त्या संध्याकाळचे आमंत्रण कोणी दिले, तर ते उपचार म्हणून दिलेले नसते आणि संकोचाने नाकारूही नये. घरमालकीणबाईंनी मला ते जिन्यात उभ्या उभ्याच दिले होते. चारला कॉफी, मग चर्च, मग बटाट्याचे सॅलड आणि उकडलेले सॉसेज (माझ्यासाठी नुसतेच सॅलड). सणाच्या रात्री इतके साधे जेवण पाहून मी चकित झालो होतो, पण मोठा स्वयंपाक, भाजलेल्या बदकाचा, दुसऱ्या दिवशी असतो. दिवाणखान्याचे दार तोवर बंदच होते. आतून लहानशी घंटा वाजली तेव्हा ते उघडले: झाडावर खऱ्या मेणबत्त्या पेटलेल्या, आणि झाडामागे पाण्याने भरलेली बादली. भेटवस्तूंचा कागद कोणी फाडला नाही. चिकटपट्टी नखाने सोडवून बाईंनी प्रत्येक कागद गुडघ्यावर सपाट केला आणि पुढल्या वर्षासाठी घडी घालून ठेवला.

आमंत्रण न आले तर मागे राहिलेल्या परदेशी मुलामुलींनी एकत्र जेवण करावे. ती मोहीम २४ तारखेला सुचून उपयोग नाही, आधीच्या आठवड्यात ठरवावी. आपण फोन करणार असाल तर त्यांच्या दुपारी अडीचला करा. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात, आणि तेथे दुकाने नुकतीच बंद होऊन दिवस मावळायला लागलेला असतो. त्या वेळी घरचा आवाज मला सर्वांत हवासा वाटे.

प्रश्न : तिला घरून फराळ पाठवावा का?
— त्याच वाचक

उत्तर : अवश्य, पण पेढे, बर्फी, तूप असे काही नको. युरोपीय संघाबाहेरून टपालाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मागवण्यास बंदी आहे आणि ते जप्त होतात. चकली, शेव, तेलातला चिवडा चालेल. खासगी भेट म्हणून ४५ युरोपर्यंतच्या पार्सलवर सीमाशुल्क लागत नाही; मात्र सोबतच्या अर्जावर प्रत्येक जिन्नस आणि त्याची किंमत स्वच्छ लिहावी, नुसते ‘खाद्यपदार्थ’ असे लिहिल्यास पार्सल अडकून पडते. नाताळच्या गर्दीत टपालाला उशीर होतो, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच रवाना करावे.