तळी हलली तर पीठ पडत नाही?

वाळवा तालुक्यातल्या एका सुनेचं पत्र आलंय. गाव, नाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून तेवढं गाळून, पत्रातला मुख्य भाग देते.

"आक्का, नमस्कार. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. मी बी.कॉम. आहे. घरात आठ माणसं: मामा म्हणजे माझे सासरे, थोरले भाऊजी, जाऊबाई, आम्ही दोघं आणि तीन मुलं. आत्या, म्हणजे सासूबाई, तीन वर्षांपूर्वी गेल्या. आष्ट्यात एका पतसंस्थेत क्लार्कची जागा निघालीय, महिना बारा हजार. मी रात्री जेवताना विषय काढला. मामा शांतपणे म्हणाले, 'घर म्हणजे जातं असतं बाळ. वरचा दगड फिरतो, खालची तळी बसून राहते. दोन्ही फिरायला लागले तर पीठ कुठनं पडायचं?' सगळे गप्प झाले. ह्यांनी ताटात बघितलं. तेव्हापासून मी काहीही बोलले, नुसतं माहेरी जाऊन येते म्हटलं, तरी जाऊबाई हसून म्हणतात, 'तळी हलली बघा!' मला राग येतो, पण उत्तर सुचत नाही, कारण दाखला खरा वाटतो. परसात आत्यांचं जातं अजून आहे. त्याच्याकडं बघितलं तर खालचा दगड खरंच हलत नाही. माझंच चुकतंय का?"

पोरी, तुझं चुकत नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

मामा "नोकरी करायची नाही" असं सरळ म्हणाले असते, तर तू "का?" म्हणून विचारलं असतंस. मग ते काही म्हणाले असते, तू काही म्हणाली असतीस, चार गोष्टी निघाल्या असत्या. पण दगडाला "का" म्हणून कोण विचारणार? म्हणून तू गप्प बसलीस. मामांनी मुद्दाम तुझं तोंड बंद केलं असं मला वाटत नाही. त्यांच्या पिढीची माणसं दाखल्यातच विचार करतात, आणि मला ते आवडतंही. फक्त जात्याचा दाखला द्यायचा तर अख्खं जातं डोळ्यांसमोर पाहिजे. मामांनी ते दळणाऱ्याच्या जागेवरून बघितलेलं नाही. मी बघितलंय.

माझं आजोळ कोरेगावच्या बाजूचं. गावात विजेची चक्की होती, तरी डाळ भरडायला, मेतकुटाला, लग्नाच्या हळदीला जातंच लागायचं. पहाटे थोरली मामी आणि धाकटी मामी समोरासमोर बसायच्या. दोघींचा एकेक पाय लांब केलेला, खुंट्यावर चारी हात, आणि एकीचा हात मध्येच सुटून सुपातलं मूठभर धान्य जात्याच्या तोंडात सोडायचा. हे वैरण घालणं असं जमायचं की जातं क्षणभरही थांबायचं नाही. मी थोरल्या मामीच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचे. दगडाची घरघर कानातून पोटात जायची आणि पीठ हाताला ऊन लागायचं.

आता खालच्या तळीचं बोलू. ती हलत नाही हे खरं. पण तिच्या मधोमध लोखंडी खीळ उभी असते, आणि वरचा दगड फिरतो तो त्या खिळीभोवती. खीळ झिजली किंवा कलली की वरचा दगड भेलकांडतो, एका अंगाला घासतो आणि पीठ कुठं जाड, कुठं बारीक पडतं. डाळ भरडायची असली की मामी त्या खिळीला चिंधी गुंडाळायच्या. वरचा दगड केसभर उचलला जायचा आणि डाळीचा चुरा न होता दोन फाका व्हायच्या. म्हणजे काय दळायचं त्याप्रमाणे दोन दगडांतलं अंतर बदलावं लागतं. कायम एकाच मापावर ठेवलेलं जातं मी तरी कुठल्या घरात बघितलं नाही.

आणि वरचा दगड आपला आपण फिरतो होय? त्याला फिरवणारे हात असतात. तुमच्या घरात ते हात कुणाचे आहेत, हे मामांच्या दाखल्यात आलंच नाही. पहाटे म्हशींचं दूध, तीन डबे, उसाच्या लागणीला बायका आल्या की त्यांचा चहा, हे सगळं तूच पत्रात लिहिलंयस. मग तू खालची तळी, की खुंट्यावरचा हात?

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती टाकी, म्हणजे दगडाला खड्डे पाडायची छिन्नी. दळून दळून दगड गुळगुळीत होतात, मग धान्य नुसतं घरंगळतं आणि पिठाऐवजी कण्या पडतात. अशा वेळी टाकी-हातोडी घेऊन वडार बाई यायची. ती वरचा दगड उचलून उताणा करायची आणि दोन्ही दगडांवर टक् टक् करत बारीक खड्डे पाडायची. दोन्हींवर, बरं का. बसून राहते म्हणून तळी झिजत नाही असं होत नाही. तीही तेवढीच झिजते, फक्त वरचा दगड उचलल्याशिवाय ते दिसत नाही. तुमच्या घरात तो दगड अकरा वर्षांत कुणी उचललेला दिसत नाही.

तू लिहिलंयस की मामांच्या सोप्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो आहे. असणारच. ऐतवडे बुद्रुक तुमच्याच तालुक्यातलं आणि अण्णांचं घराणं तिथलं. 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह उभं राहिलं. त्या वसतिगृहातल्या सगळ्या जातींच्या पोरांना अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या हातानं रांधून वाढलं, त्याही सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या असताना. पोरांच्या धान्याला पैसे नव्हते तेव्हा अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. फिरणारा दगड कोण आणि बसलेली तळी कोण, असं त्या घराबद्दल सांगता येईल का? हे मामांना ऐकवायला म्हणून वापरू नकोस. एखाद्या संध्याकाळी लक्ष्मीबाईंची गोष्ट त्यांनाच सांगायला लाव. ती त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल.

आता जाऊबाई. तुझ्या पत्रात त्यांच्यावर एकच वाक्य आहे आणि माझं मन त्यावरच अडकलंय. त्या का हसतात? तू सकाळी साडेनऊला आष्ट्याची एसटी धरलीस, तर दुपारचा स्वयंपाक, भांडी, तिन्ही पोरांची शाळा सुटल्यानंतरची वेळ आणि मामांच्या गोळ्या कुणाच्या अंगावर येणार? जेवताना तू विषय काढलास तेव्हा हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं असेल, आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांना थट्टेचा आधार सापडला. मी त्या थट्टेचं समर्थन करत नाही, ती टोचतेच. पण तू नवऱ्याचा विचार केलास, सासऱ्यांचा केलास, आणि जिच्यासमोर बसून अकरा वर्षं खुंटा ओढलास तिचा केला नाहीस.

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाचं कौतुक, लेकीची काळजी, सगळं त्यांत आहे. समोर दुसरी बाई बसलेली असायची म्हणून ते बाहेर आलं. चक्की आली, मिक्सर आला, पाठीतलं दुखणं गेलं आणि फार चांगलं झालं. पण ती समोरासमोर बसायची जागाही गेली. तुम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात आहात, एक ओट्याकडं तोंड करून, दुसरी मोरीकडं.

तेव्हा पहिली बैठक जाऊबाईंबरोबर. घरी नको. मंगळवारच्या भाजीला म्हणून दोघीच जा, येताना कुठंतरी उसाचा रस घेत बसा. आधी विचार, "मी गेले तर तुमच्यावर काय काय पडेल?" आणि त्या सांगतील ते मध्येच न तोडता ऐक. मग तुझं सांग. बारा हजारांतले दोनेक हजार भांडी-धुण्याच्या बाईला जातील, हे स्वतःहून बोल. सकाळचं दूध आणि डबे तू करून जाशील, रविवार पूर्ण तुझा, असं काय ते स्पष्ट ठरवा. आणि त्यांनाही काही करायचं असेल, तेही विचार. अकरा वर्षांत कुणी विचारलं नसेल.

नवऱ्याशी एकट्यात बोल. जात्याचं नाव काढू नकोस, टोमणाही नको. एवढंच विचार: "त्या रात्री ताटात बघितलं ते मामांचं पटलं म्हणून, की मामांपुढं बोलता येत नाही म्हणून?" दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि पुढचा रस्ताही वेगळा आहे. पटलं असेल तर दोघांनी बसून भांडायला लागेल. बोलता येत नसेल, तर त्याला हिंमत द्यायला लागेल. मला स्वतःला दुसरंच कारण खरं वाटतं, बोलता येत नाही हे. पण त्याच्या गप्प बसण्याला मी माफी देणार नाही. आठ माणसांत बायको एकटी पडली असताना ताटात बघणं बरोबर नाही, आणि हे त्याला तू सांगितलं पाहिजेस.

मामांशी सगळ्यात शेवटी. तीन वर्षांपूर्वी आत्या गेल्या आणि घर मोडलं नाही, ते तुम्हा दोघींमुळं. त्यातली एक बाहेर पडली तर सगळंच निखळेल, अशी भीती त्यांना असेल. ती भीती खोटी नाही. त्यांना म्हण, "मामा, आत्यांचं जातं असंच पडून आहे, जरा उचलून बघू या." वरचा दगड जड असतो, दोघांनाच धरायला लागेल. मग ते त्यांच्या आईचं सांगतील, पहाटे कोण दळायचं, कोण वैरण घालायचं ते. ऐकून घे. आणि मगच, माणसं भोवती नसताना म्हण, "मामा, मला घर मोडायचं नाही. मला काम करायचंय. आम्ही दोघी जावांनी असं असं ठरवलंय." जाऊबाई शेजारी उभ्या असल्या तर फारच बरं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू घाबरशील. नवीन टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं पीठ कचकचतं. दगडाचा बारीक चुरा त्यात उतरतो आणि भाकरी दाताखाली करकर वाजते. म्हणून मामी पहिल्यांदा पायलीभर जाडंभरडं दळून म्हशीला घालायच्या आणि मग घरचं दळण घ्यायच्या. तुमच्याकडंही पहिले दोन-तीन महिने कचकच होईल. डबा उशिरा होईल, मामांची गोळी चुकेल, कुणीतरी म्हणेल, "बघा, सांगितलं होतं की नाही!" त्या दिवसांतल्या कुठल्याही भांडणावरून नोकरी सोडायची की ठेवायची हे ठरवू नकोस. आणि त्या दिवसांत जाऊबाईंचं ऋण विसरू नकोस.

मामा तरीही नाहीच म्हणाले, तर? तरी अर्ज भर. मुलाखतीचं पत्र आल्यावर पुन्हा बोलता येतं, पण न भरलेल्या अर्जावर बोलायला काही उरत नाही. तू चौतीस वर्षांची आहेस, शिकलेली आहेस, परवानगी मागायचं तुझं वय नाही. सगळ्यांना बरोबर घ्यायचंय म्हणून आपण एवढा खटाटोप करतोय.

मंगळवार झाला की मला लिही. त्यात जाऊबाई काय म्हणाल्या ते सगळ्यात आधी लिही, बाकीचं नंतर.

तुझी,
आक्का