आदामाआधी मेलेले बेडूक

"बायबलचं पहिलंच पान खोटं ठरलं, तर शेवटचं खरं कशावरून?" ख्रिस्ती घरांतून समुपदेशनाला येणाऱ्या पालकांच्या तोंडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्यांचं वाक्य अर्ध्यावर असतानाच पुढचं कळतं. मुलगा किंवा मुलगी एम.एस्सी.ला जाते, सुटीत घरी येते आणि एका रविवारी उपासनेनंतर जेवताना सांगते, की जग काही सहा दिवसांत झालं नाही. मग कित्येक महिने त्या घरात कोणाचं जेवणात लक्ष नसतं.

अशाच एका घराची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आई व मुलगा, दोघांनाही आधी वाचून दाखवली आहे.

आई नगरच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. शाळेत 'बाई' आणि मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, 'बाई'च, कारण तीस वर्षं त्यांनी शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेतली. मुलगा पुण्यात भूशास्त्र शिकतो. नाताळच्या सुटीत त्याने सांगितलं, की आपल्या घराच्या जोत्याचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. बाईंनी तेही ऐकून घेतलं असतं. पण त्याने पुढे वरळीचं सांगितलं. मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक थर आहे आणि त्यात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत.

"बेडूक आदामाच्या आधी मेले म्हणतो," बाई म्हणाल्या. "अहो, मरण पापानं आलं ना? बायबलात रोमकरांस पत्रात प्रेषित पौल लिहितो ना, एका माणसाच्या द्वारे पाप जगात शिरलं आणि पापाच्या द्वारे मरण? मग हे बेडूक कुणाच्या पापानं मेले? तुम्ही त्याला समजवा."

मुलाला मी लगेच बोलावलं नाही. ज्याला समजवायचं म्हणून आणलं जातं, तो क्वचितच अडकलेला असतो. अडकलेला असतो तो आणणारा. बाईंना मी सांगितलं, "शब्बाथ शाळेत सहा दिवस शिकवायला तुम्ही तक्ते वापरत असाल. ते घेऊन या."

पुढच्या वेळी बाई हाताने रंगवलेले सहा तक्ते घेऊन आल्या. आयुष्यभर त्यांनी ते दोरीवर एका ओळीत टांगले होते. मी ते टेबलावर दोन ओळींत मांडायला सांगितले. वर पहिला, दुसरा, तिसरा. त्यांच्या बरोबर खाली चौथा, पाचवा, सहावा.

बाई शिक्षिका. तक्ता वाचायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी प्रकाश, त्याखाली चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. दुसऱ्या दिवशी वरचं आकाश आणि खालचं पाणी, त्याखाली पाचव्या दिवशी पाखरं आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि हिरवळ, त्याखाली सहाव्या दिवशी जनावरं आणि माणूस.

"आधी खोल्या, मग खोल्यांत राहणारे," त्या हळूच म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "सूर्य चौथ्या दिवशी, मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ कुठली हो?"

ही शंका आजची नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने हेच विचारलं होतं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टिनने लिहिलं, की देवाने सगळं एकदम निर्माण केलं आणि हे दिवस आपल्या सूर्याचे दिवस नव्हेत. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक १८५९ चं, म्हणजे ऑगस्टिन त्याच्या चौदाशे वर्षं आधीचा. 'शास्त्रज्ञांना घाबरून अर्थ बदलला' हा आरोप त्याला लागू होत नाही. हेही सांगायला हवं, की मानवजातीचं वय ऑगस्टिनने सहा हजार वर्षांच्या आतच धरलं होतं आणि त्याच्या आधी होऊन गेलेल्या बिशप बेसिलने दिवस साधे, चोवीस तासांचेच वाचले होते. दोघेही मंडळीत पूज्य राहिले. इ.स.पू. ४००४ हे निर्मितीचं साल मात्र पवित्र शास्त्राच्या मूळ मजकुरात कुठेच नाही. ते आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी वंशावळींची बेरीज करून १६५० मध्ये प्रसिद्ध केलेलं गणित आहे.

मग उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात आधी झाडं, मग जनावरं, शेवटी स्त्री-पुरुष एकत्र. दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग जनावरं आणि शेवटी स्त्री. ज्याने कुणी हे दोन अध्याय एकापुढे एक ठेवले, त्याला हा फरक दिसला नसेल असं मला वाटत नाही. त्याला क्रम सांगायचा नव्हता. पहिला अध्याय उपासनेत म्हणायच्या पदासारखा आहे, 'देवाने पाहिले की ते चांगले आहे' हे त्याचं पालुपद. दुसरा मातीत हात घालून सांगितलेली गोष्ट आहे. इब्रीत (हिब्रू भाषेत) 'आदाम' म्हणजे माणूस आणि 'आदामा' म्हणजे माती. मराठी माणसाला ही जवळीक सांगायला नको. इथे गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये हीच उत्पत्तीची कथा ओवीत बांधली आणि तिला पुराण म्हटलं. ओवी काय सांगते आणि सातबारा काय सांगतो, यांची गल्लत आपले लोक करत नव्हते.

इतकं झालं. बाईंना पटलं. आणि त्यांची झोप काही परत आली नाही.

अशा समुपदेशनात बहुतेक जण इथेच फसतात, कारण माहिती दिली की काम झालं असं वाटतं. पण बाईंची बुद्धी शंकेत नव्हती. त्या सगळं मान्य करत होत्या आणि प्रत्येक वेळी उठताना तेच म्हणत होत्या, "पण आदामाचं काय?" सहा दिवस सोडायला त्या तयार झाल्या, बोलणाऱ्या सर्पाबद्दल त्यांना फार काही वाटत नव्हतं. आदाम मात्र सोडवत नव्हता. जुन्या वाड्यात एखादा खांब कुरूप दिसतो म्हणून काढायला जावं, तर गवंडी आधी वर पाहतो, की यावर कोणती तुळई टेकली आहे. बाईंच्या या खांबावर काय टेकलं आहे, ते मी अजून पाहिलंच नव्हतं.

म्हणून पाचव्या बैठकीत एकच प्रश्न विचारला. "बाई, हा आदाम तुमच्या कामी पहिल्यांदा केव्हा आला?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला नाही.

मुलाच्या आधी त्यांना मुलगी झाली होती. तिसऱ्या दिवशी गेली. गरोदरपणात बदली खेड्यातल्या शाळेवर, तिथून रविवारी येणं व्हायचं नाही, म्हणून काही महिने उपासना चुकली होती. मातीला आलेल्यांपैकी एक म्हातारी म्हणाली होती, "देवाच्या घरी पाठ फिरवली, दुसरं काय होणार." त्यानंतर कित्येक आठवडे बाईंनी जेवणाला हात लावला नाही. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी रोमकरांस पत्रातलं ते वचन घेतलं: एका माणसाच्या द्वारे पाप, आणि त्यातून सर्वांना मरण.

"त्या दिवशी मला पहिल्यांदा श्वास घेता आला," बाई म्हणाल्या. "माझ्यामुळे नाही गेली ती. आदामामुळे गेली. सगळेच जातात त्याच्यामुळे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता हा म्हणतो आदामाआधीही मरण होतं. आदाम गेला, तर ती परत माझ्यामुळे गेली ना?"

पापाच्या शिकवणुकीने माणसं दबतात, हे अनेक वर्षं ऐकलं आहे आणि ते खरंही आहे. इथे त्याच शिकवणुकीने एका बाईला निर्दोष सोडलं होतं. आदाम हा तिच्या वतीने साक्ष देणारा माणूस होता. मुलगा त्या साक्षीदारालाच खोटा ठरवत होता आणि त्याला याचा पत्ताही नव्हता. एखादं वचन माणूस कसं वाचतो, यापेक्षा ते त्याने कोणत्या रात्री पहिल्यांदा घट्ट धरलं हे आधी विचारावं, ही माझी जुनी धारणा. ती इतकी लख्खपणे खरी ठरताना मी क्वचितच पाहिली आहे.

त्या दिवशी आदामाला हात लावला नाही. साक्षीदार काढून घ्यायचा तर आधी दुसरा उभा करावा लागतो. पुढच्या बैठकीला लूकच्या शुभवर्तमानाचा अध्याय १३ उघडला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. येशू विचारतो, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हांला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. मग योहान अध्याय ९. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? उत्तर: याचंही नाही, आईबापांचंही नाही.

"आईबापांचंही नाही," बाईंनी ते शब्द बोट ठेवून तीनदा वाचले. चौथ्यांदा मोठ्याने.

त्यानंतर एक साधा कागद घेतला. पाप आणि अपराधभाव यांत गुरफटलेल्या कुणाही माणसासाठी तो उपयोगी पडतो, म्हणून नीट सांगते. तीन रकाने आखायचे. पहिल्यात 'मी केलं': ठरवून, कळत असून केलेल्या गोष्टी. दुसऱ्यात 'माझ्यावर आलं': आजार, मरण, बदली, पाऊस. तिसऱ्यात 'लोकांनी माझ्या नावावर टाकलं'. प्रत्येक ओळीला कृती हवी, विशेषण नको. 'मी वाईट आई' हे कुठल्याच रकान्यात बसत नाही, ते खोडायचं. लिहायला वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, कारण जास्त वेळ दिला की माणूस दुसऱ्या रकान्यातलं उचलून पहिल्यात टाकायला लागतो. पहिल्या रकान्याची क्षमा मागायची आणि भरपाई करता येत असेल तर ती करायची. दुसऱ्यासाठी रडायचं. तिसरं ज्याचं त्याला परत द्यायचं, मनातल्या मनात का होईना. बाईंच्या पहिल्या रकान्यात एकच ओळ आली: त्या म्हातारीशी पुढे कधीच बोलले नाही.

मुलगा आला तेव्हा वादाची तयारी करून आला होता. बहीण होती एवढंच त्याला माहीत होतं. आईने त्याला सगळं माझ्यासमोर सांगितलं. त्याने हातातला फोन खिशात ठेवला आणि खूप वेळाने म्हणाला, "आई, बेडकांचं मी उगाच काढलं." त्यावर बाई म्हणाल्या, "उगाच नाही. खरं असेल तर खरं आहे."

मग आम्ही तिघांनी ते कोडं पुन्हा पाहिलं. पौल म्हणतो 'सर्व माणसांत मरण पसरले'. बेडकांबद्दल तो काही बोलत नाही. उत्पत्ती २ मध्ये 'ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील' असं आहे, आणि आदाम तर ९३० वर्षं जगला असं पाचवा अध्याय सांगतो. म्हणजे त्या दिवशी मेलं ते काहीतरी वेगळं: भरवसा, एकमेकांसमोर उघडं उभं राहण्याचा निवांतपणा. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी जीवनाच्या झाडाचं फळ खाऊन ती दोघं सदासर्वकाळ जगू नयेत म्हणून त्यांना बागेबाहेर काढलं जातं. अमरपण त्यांच्या अंगचं असतं, तर ही काळजी कशाला? हा माझा कल, आणि मी तो लपवत नाही. बाई आजही आदाम खरोखर होऊन गेला असं मानतात. मुलगा तो म्हणजे आपण सगळे, असं वाचतो. त्यांना एका मतावर आणणं हे माझं काम नव्हतं.

हीच काळजी घेऊन येणाऱ्या पालकांना माझं सांगणं थोडं आहे, पण आग्रहाचं आहे. मुलाचं नाव प्रार्थनासभेत प्रार्थनेचा विषय म्हणून देऊ नका. त्याला ते कळतंच, आणि मग तो शंका विचारणं सोडतो, शंका सोडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ पाठवू नका. पाळकांना न्यायाधीश म्हणून घरी बोलावू नका, वाचायला बसायला बोलवा. 'विश्वास ठेवतोस की नाही, एका शब्दात सांग' हे वाक्य तर कधीच नको, कारण एका शब्दात तो जे सांगेल ते त्या क्षणीच्या रागाचं असेल, आणि तेच त्याला वर्षानुवर्षं निभवावं लागेल. आठवड्यातून एक दिवस ठरवा, रविवार सोडून. अर्धा तास, एक अध्याय, दोन वेगवेगळी भाषांतरं. आधी फक्त काय लिहिलं आहे ते सांगायचं. हव्वेने सफरचंद खाल्लं असं ठामपणे सांगणाऱ्या किती जणांना मला उत्पत्तीचा तिसरा अध्याय उघडून द्यावा लागला! तिथे फक्त फळ आहे. ते झालं की हा लिहिण्याचा प्रकार कोणता हे विचारायचं, गीत, वंशावळ, कायदा की पत्र. 'याचा मला काय अर्थ' हे सगळ्यात शेवटी. क्रम उलटला की पंधरा मिनिटांत भांडण होतं. आणि मुलांनो, आईबापांच्या खांबाला हात लावण्याआधी वर पाहा.

त्या घरात गुरुवारचं वाचन अजून चालू आहे. मागच्या फोनवर बाई सांगत होत्या, तिसऱ्या अध्यायात 'पाप' हा शब्दच नाही, हे मुलाने हुडकलं. तो पहिल्यांदा येतो आदामाचा मुलगा काइन याच्या गोष्टीत, चौथ्या अध्यायाच्या सातव्या वचनात, दाराशी टपून बसलेला. इब्रीत त्याच्या धातूचा मूळ अर्थ नेम चुकणं. बायबलातल्या शास्ते या पुस्तकाच्या अध्याय २० मध्ये गोफणीने केसावरही अचूक नेम धरणाऱ्या सातशे डावखुऱ्यांबद्दल 'चुकत नसत' म्हणताना हाच धातू आला आहे, हे मी त्यांना सांगितलं. बाईंनी गोफणीचं लिहून घेतलं. शब्बाथ शाळेच्या मुलांना सांगायला चांगलं आहे, म्हणाल्या. नव्या तक्त्यांसाठी त्यांनी कार्डशीट आणून ठेवली आहेत, या वेळी दोन ओळींत टांगायची म्हणून.