वडिलांना कमी ऐकू येतंय असं वाटतं. श्रवणयंत्राच्या दुकानातली मोफत तपासणी टाळून निःपक्ष तपासणी कुठे करावी?

सरकारी किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात करा. मुंबईत असाल तर वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण दोषांसाठीच्या सरकारी संस्थेत. दुकानदाराची कमाई यंत्र विकण्यावर असते, म्हणून निदान आणि विक्री वेगळी ठेवलेली बरी. आधी डॉक्टरांकडून कान बघून घ्या. कधी कधी नुसता मळच साचलेला असतो. मग आवाजबंद खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी: हेडफोन लावून आणि कानामागच्या हाडावर कंपक ठेवून, दोन्ही प्रकारे. हाडाची चाचणी टाळली तर दोष बाहेरच्या-मधल्या कानात की आतल्या, ते कळत नाही. ऑडिओग्रामची (चाचणीच्या आलेखाची) प्रत मागून घ्याच, ती कुठेही दाखवता येते. मात्र एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल, तर नंबर लागायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.