राख हाताला गार लागली का?

तुझं पत्र वाचलं. परवा जाळलेल्या काडीकचऱ्याच्या ढिगातून धूर दिसेनासा झाला म्हणून माणसांना घरी पाठवलंस, आणि आता तुला झोप लागत नाही. बरोबर केलं की चूक, एवढंच विचारतेस. चूक. पण झोप उडाली हे लक्षण चांगलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

धूर दिसत नाही याचा अर्थ फक्त धूर दिसत नाही. राख हाताला गार लागली का, ते सांग.

ढीग जळून खाली बसतो तेव्हा वर पांढरी राख साचते. ती उष्णता आत कोंडून धरते आणि हवा अगदी बेताने आत सोडते. खाली जाड ओंडका, जुनं मूळ किंवा कुजक्या पाल्याचा थर असेल, तर तो ज्वाळेविना दिवसेंदिवस धुमसत राहतो. मग एका दुपारी वारा सुटतो, राख उडते, निखारा उघडा पडतो आणि ठिणगी शेजारच्या गवतात जाते. लोक म्हणतात, कुणीतरी काडी लावली. काडी तूच लावलेली असतेस, तीन दिवसांपूर्वी.

वरून माती टाकून दाबून टाकलं, असंही लिहिलंयस. ते वाचून पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं. माती आग विझवत नाही, पांघरूण घालते. फावड्याने ढीग पसर. ओंडके उलटे कर, जळकी बाजू खरवड. पाणी मार, ढवळ, पुन्हा पाणी मार, चिखल होईपर्यंत. ढवळणं टाळू नकोस, कारण वाळलेल्या कुजक्या पाल्यावरून पाणी घरंगळून जातं, आत मुरत नाही. मग हातमोजा काढ आणि पंजाची मागची बाजू राखेच्या वीतभर वर धर. ऊब नसेल तर हळूहळू खाली आण, शेवटी टेकव. मागचीच बाजू का? चुकून भाजलं तर फावडं धरायला तळवा शाबूत राहतो. ढिगाच्या मधे एकदा हात लावून भागत नाही. कडेने फिरत, ओंडक्यांच्या खाली आणि मुळं बाहेर गेली असतील तिथेही बघ.

आता हे दिवस आगीला असे धोक्याचे का, ते. झाडांना पालवी यायची असते, त्यामुळे ऊन थेट जमिनीवर उतरतं. गेल्या वर्षीचं गवत उभ्याउभ्या वाळलेलं, आणि नवं हिरवं अजून वर आलेलं नसतं. 'काल पावसाचा शिडकावा झालाय' हे तुझं वाक्य म्हणूनच खोडून टाक. वाळलेलं गवत आणि 6 मिलिमीटरपेक्षा बारीक काड्या तासाभरात हवेसारख्या कोरड्या होतात. बोटाएवढ्या फांद्यांना दहाएक तास लागतात, मनगटाएवढ्यांना शंभरेक. म्हणजे सकाळी ओलसर वाटलेलं गवत दुपारी पेट घ्यायला तयार असतं. आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली जाणार असेल किंवा वारा सुटणार असेल, तर त्या दिवशी काहीही जाळायचं नाही, परवानगी हातात असली तरी. चढ असेल तर आणखी सांभाळ. उतार 10 अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो.

जाळरेषेबद्दल, म्हणजे आग अडवायला साफ केलेल्या पट्टीबद्दल, तुझ्या मनात आहे तेवढा घोळ नाही. पाला दंताळ्याने ओढून खालची नुसती माती उघडी करायची. पाल्याचा पातळ थर राहिला तर ती रेषा नव्हेच. रुंदी अपेक्षित ज्वाळेच्या उंचीच्या निदान दुप्पट हवी. रेषेतून आडवी जाणारी वाळकी मुळं तोड, नाहीतर आग मुळामुळाने पलीकडे जाते. ओढलेल्या पाल्याचा बांध मात्र रेषेच्या काठाला घालू नकोस. तो पेटला की ज्वाळा उंच उठते आणि रेषा असून नसल्यासारखी होते. पाला दूर नेऊन पसर. वाऱ्याने पुन्हा पाला येतो, तेव्हा पुन्हा झाडून काढ. आणि उडणारी ठिणगी कुठलीही रेषा जुमानत नाही, म्हणून पुन्हा तेच: मागे जे सोडून जातेस ते हाताला गार आहे का?

करवतीत इंधन भरायचं ते ती निवल्यावर, आणि सुरू करायची ती भरल्या जागेपासून निदान 3 मीटर दूर जाऊन. गाडी वाळल्या गवतावर उभी करायची नाही, धुराड्याची नळी तापलेली असते. गवतकापणी सकाळी उरकायची, पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते.

आग हेरायला उपग्रहावर भिस्त ठेवायची का, असंही विचारलंयस. त्यांच्यातल्या चांगल्या उपकरणाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर 375 मीटर रुंद असतो, आणि ते दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातात. पेटलेलं ते दाखवतील, धुमसणारं बहुतेक वेळा नाही.

मला हटवादी म्हणतात, ठाऊक आहे. शेवटची ज्वाळा गेल्यावरही माणसं दोन-दोन तास थांबवून ठेवतो, लोक कुरकुरतात, पाणी वाया जातं म्हणतात. म्हणू देत. 'विझलंय असं दिसतंय' एवढ्यावर जागा सोडायची चूक माझीही झालेली आहे. तिची गोष्ट सांगत बसत नाही. तेव्हापासून दिसण्याला मी पुरावा मानत नाही, एवढंच.

तर उद्या ऊन चढायच्या आत त्या ढिगापाशी जा. दोन फावडी, पाठीवरचा पंप, पाण्याचे भरलेले कॅन आणि निदान एक माणूस सोबत घे. टाकलेली माती आधी काढ. त्यानंतरचे तीन दिवस, रोज दुपारी वारा सुटायच्या आधी एक फेरी मार. चौथ्या दिवशी मला कळव, पण धूर दिसतोय की नाही ते लिहू नकोस.